पलंगाचं स्पॅनिश

इंग्रजी भाषेशी माझं काही वैर नाही. तिच्यातलं ‘पुट’ हे एक क्रियापद मात्र माझ्या डोळ्यांसमोर नको. हा पुट म्हणजे सासुरवाडीला मुक्काम ठोकून बसलेला थोरला जावई. स्वतः खुर्चीतून उठायचा नाही. अप, डाउन, ऑन, ऑफ, आउट अशी बारकी पोरं भोवती बाळगायची आणि त्यांना पिटाळून सगळी कामं उरकायची. कपडे चढवायचे, दिवा विझवायचा, आजचं उद्यावर ढकलायचं, पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घ्यायचं, सगळीकडे हाच. शेजारचं पोरगं तेवढं बदललेलं. टेक, गेट आणि टर्न हे त्याचे सख्खे भाऊ. त्यांच्याबद्दल बोलायला बसलो तर माझा रक्तदाब वाढतो, म्हणून बोलत नाही.

स्पॅनिशचं तसं नाही. तिथे प्रत्येक कामाला एक क्रियापद, आपलं आपलं, अंगणात एकटं उभं राहणाऱ्या झाडासारखं. सोडायचं असेल तर सोल्तार, धरायचं असेल तर सुखेतार, घडी घालायची तर प्लेगार. पोरांचा लवाजमा नाही, हुजरे नाहीत. मी गेली कित्येक वर्षं संध्याकाळच्या भाषावर्गात स्पॅनिश शिकवतो, ते या एकेकट्या क्रियापदांच्या प्रेमापोटी. विद्यार्थी येतात, दोन-तीन महिने बसतात, परदेशी जायचा बेत फसला की जातात. क्रियापदं राहतात.

असं माझं सुखात चाललं असताना आमच्या मेहुण्याला नोकरी लागली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मनानं सोन्यासारखा, पण आजवर एकाही नोकरीनं त्याला आपलं म्हटलं नव्हतं. एक दुकान बुडालं, एक कचेरी दुसऱ्या गावी गेली, एका ठिकाणी साहेबाच्या भाच्यानं त्याची खुर्ची घेतली. आता फर्निचरच्या कारखान्यात, निर्यात विभागात, प्रोबेशनवर. पहिल्याच महिन्यात त्याच्यावर जबाबदारी आली. कारखान्याचा सोफा-कम-बेड समुद्रापार स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात जाणार होता. त्याचं इंग्रजी मॅन्युअल स्पॅनिशमध्ये करून हवं होतं. आमच्या या वीरानं भर बैठकीत उठून सांगितलं, “घरचाच माणूस आहे!”

“भाऊजी, दोनच तर पानं आहेत,” तो मॅन्युअल माझ्यापुढे ठेवत म्हणाला. “माल जहाजावर चढायच्या आत झालं की मी पर्मनंट. नाही झालं तर…”

पुढचं त्याच्याऐवजी बायकोच बोलली. “नाही झालं तर हा पुन्हा आपल्या हॉलमध्ये पेपर वाचत बसेल. आणि अहो, त्या पोरीकडच्यांनी स्पष्ट सांगितलंय, पर्मनंटचं पत्र दाखवा, मगच साखरपुडा.”

मेहुण्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती पोरगी त्याच्या मागच्या बुडालेल्या दुकानात गल्ल्यावर बसायची. दुकान बुडालं, यांचं तेवढं तरलं होतं.

मी मॅन्युअल उघडलं आणि कपाळाला हात लावला. दोन्ही पानं त्या बारक्या पोरांनी गजबजलेली. पुल आउट, फोल्ड डाउन, टेक ऑफ, पुट बॅक, होल्ड ऑन टू, लेट गो ऑफ. चित्र एकही नाही. आता तुम्ही म्हणाल, शब्दकोश उघडा आणि लिहा. मेहुणाही तेच म्हणाला. पण उशी ‘टेक ऑफ’ करायची म्हणजे ती वरून उचलायची की खाचेतून उपसून काढायची? वरून उचलायची असेल तर स्पॅनिशमध्ये कितार, आतून काढायची असेल तर सकार. इंग्रजीला फिकीर नाही. तिची पोरं कुठून का आणेनात, उशी आली म्हणजे झालं. माझं तसं नव्हतं. मी काम प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय क्रियापद लिहीत नाही. वर्गातसुद्धा मी खुर्ची ढकलून ‘ढकलणे’ शिकवतो.

“मला तो पलंग बघावा लागेल,” मी म्हणालो.

“मग मी तोच आणतो!” मेहुणा म्हणाला. त्याच्या या उत्साहानंच आजवर त्याचा घात केला आहे.

नमुन्याचा सोफा-कम-बेड टेम्पोतून आला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. पहिल्या वळणावर पलंग अडकला आणि इमारत जागी झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर फूटपट्टी घेऊन बाहेर आले. त्यांनी पलंग मोजला, जिना मोजला, हमालांना कडेला उभं करून पुन्हा दोन्ही मोजलं आणि निकाल दिला, “पलंग बरोबर आहे. जिना चुकलाय.”

“मग काय करायचं?” हमालानं विचारलं.

“आता काय करणार? बांधतानाच विचारायला हवं होतं.”

समोरच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “उभा करा हो, उभा! आमचं कपाट असंच नेलं होतं.” कपाट असंच नेताना त्याचा आरसा फुटला होता, हे त्यांनी पलंग उभा केल्यावर सांगितलं. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी आले. जिन्यातून अवजड वस्तू नेण्यासाठी आधी लेखी अर्ज लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, आता तर ती जिन्यातच आहे. ते म्हणाले, मग अर्जात ‘नेण्यासाठी’ऐवजी ‘नेत असल्याबद्दल’ असं लिहा. मी, स्पॅनिशचा शिक्षक, पलंगाचा एक पाय खांद्यावर घेऊन, भिंतीला कागद लावून मातृभाषेत अर्ज लिहिला. सेक्रेटरींनी त्यातली एक वेलांटी सुधारली. हा माझ्या मानी स्वभावावर पडलेला पहिला ओरखडा.

पलंग हॉलमध्ये आला. मी मॅन्युअल हातात घेऊन एकेक क्रिया करून बघू लागलो. उशा वरूनच उचलायच्या होत्या, कितार. बरं वाटलं. बैठकीखालून आतला पलंग ओढून काढायचा, सकार. मी आणि मेहुण्यानं ओढला. तो आला, सरसरून आला, उन्हाळ्याची सुटी लागलेल्या पोरासारखा धावत आला आणि समोरच्या कपाटावर जाऊन आदळला. खाली काहीतरी खट्‌ वाजलं. मग तो मागेही जाईना, पुढे तर कपाटच होतं. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसता पलंग.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. “जावईबापू, दार का उघडत नाहीये?”

सासूबाई आत होत्या. त्यांच्या खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं आणि ते आता पलंगाला टेकलं होतं. हात बाहेर येईल एवढी फट राहिली. खोलीला न्हाणीघर जोडलेलं होतं, एवढीच काय ती देवाची दया.

“आई, घाबरू नकोस,” मेहुणा म्हणाला.

“मी कशाला घाबरू? चहा तेवढा फटीतून द्या.”

बायको पोस्टात काउंटरला असते. ती संध्याकाळी आली, दारातच थांबली, पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग चप्पल हातात घेऊन, पलंगावर चढून, पलीकडे स्वयंपाकघरात उतरली. तिथून म्हणाली, “भाषांतर म्हणजे कागदावर करतात ना हो? का आमचाच काही गैरसमज आहे?”

मॅन्युअलमध्ये बंद करण्याची रीत होती. ‘लेट गो ऑफ द कॅच.’ खटका सोडा. सोल्तार! क्रियापद मला क्षणात सुचलं. खटका मात्र कुणालाच सापडेना. मी पलंगाखाली सरपटत गेलो. इंजिनिअर टॉर्च घेऊन आले. त्यांचं म्हणणं, खटका असणारच नाही, ही जुन्या इंग्रजी मॅन्युअलची नक्कल आहे. काकूंचं म्हणणं, त्यांची भाची हे सगळं मोबाइलवर करते. “पलंग बंद करते?” मी विचारलं. “भाषांतर हो! एका बोटानं!” माझी दोन्ही कोपरं तेव्हा सोललेली होती. मी पलंगाखालूनच त्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर मांडी घालून, खटका सोडून बाकीचं भाषांतर पुरं करत बसलो. सासूबाईंना फटीतून वाचून दाखवत होतो, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

“त्या खटक्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“सापडत नाही. लोखंडी असेल, वाकडा, बोटाएवढा.”

“लाल टोपीचा?”

“असेल.”

“मग हा काय, इथे दाराशी! कालपासून मी त्याच्यावर टॉवेल वाळत घातलाय.”

त्यांनी फटीतून हात घालून टॉवेल काढला आणि खटका दाबला. पलंग मला पोटात घेऊन मिटायला लागला. मी उडी मारली, डाव्या हाताची दोन बोटं राहिली. तिथे मॅन्युअलमध्ये ‘वॉच आउट’ लिहिलेलं आहे. स्पॅनिशमध्ये कुइदादो. तो शब्द मी एवढ्या तळमळीनं आयुष्यात कधी लिहिला नव्हता.

बोटांना पट्टी बांधून मी भाषांतराची स्वच्छ प्रत काढली. सांगायला संकोच वाटतो, पण ते सुंदर उतरलं होतं. एकेक वाक्य घोटीव, आटोपशीर, नदीतल्या गोट्यासारखं. पलंग टेम्पोत चढवला, मी आणि मेहुणा पुढे बसलो आणि कारखान्यात गेलो. मला वाटलं, कुणीतरी दोन शब्द बोलेल, चहा विचारेल.

निर्यात विभागात भाषांतरं तपासायला एक तपासनीस होते. टेबल स्वच्छ, पेन्सिल लाल, मान बारीक. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं. त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. फ्रेंच, जर्मन, अरबी, काहीच येत नव्हतं आणि सगळ्या भाषांची मॅन्युअलं त्यांच्याच सहीनं जात होती. त्यांची पद्धत साधी होती. एका हाताखाली इंग्रजी ओळ, दुसऱ्या हाताखाली भाषांतराची ओळ. दोन्हीकडचे शब्द मोजायचे.

“इथे इंग्रजीत पाच आहेत,” ते म्हणाले. “लेट, गो, ऑफ, द, कॅच. तुमच्याकडे तीन. दोन कुठे गेले?”

“कुठे जाणार? सुएल्ते एल सिएर्रे. लेट गो ऑफ या तिघांचं काम एक सुएल्ते करतं.”

“तिघांचं काम एक करतो?”

“हो.”

“आणि बाकीचे दोघं?”

“त्यांची गरज नाही.”

तपासनिसांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कारखान्यातले दोन कामगार काढून टाकले. “इथे दोनाचा एक. इथेही. ‘वॉच आउट’ला तर नुसतं एकच! साहेब, पार्टीला आपण पूर्ण मॅन्युअल पाठवतो असं लिहून दिलंय. अर्धं कसं पाठवू?”

मी त्यांना समजावलं. पुट म्हणजे काय, त्याची पोरं कशी, स्पॅनिश कशी स्वावलंबी. उठून खुर्ची ढकलून दाखवली. ती त्यांच्या शिपायाच्या पायावर गेली. तपासनीस शांतपणे समासात लाल पेन्सिलीनं लिहीत राहिले : शब्द गहाळ. शब्द गहाळ. शब्द गहाळ.

“इथे मात्र एक जास्त आहे,” ते उशा परत ठेवायच्या ओळीवर थांबले.

“मग तो वरच्या ओळीत धरा ना!” मी ओरडलो.

“एका ओळीचा शब्द दुसऱ्या ओळीत वळता करता येत नाही,” ते म्हणाले. “शिस्त आहे.”

“अहो, हा पलंग मी स्वतः उघडलाय, मिटलाय! ही बोटं बघा!”

“बोटं मॅन्युअलमध्ये नाहीत.”

मी उठलो. म्हणालो, भाषा ही वजनकाट्यावर घालायची वस्तू नाही, आणि माझ्या भाषांतरात आता एक शब्द घातला जाणार नाही. वाक्य चांगलं होतं. बाहेर पडतानाचा रुबाबही चांगला होता, फक्त मी चुकीच्या दारातून बाहेर पडलो आणि कागदाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत गेलो. तिथून परत तपासनिसांच्या टेबलावरूनच यावं लागलं.

घरी आल्यावर मेहुणा जेवायलाही बसला नाही. हॉलमध्ये, जिथे पलंग होता त्या रिकाम्या जागेत, भिंतीला टेकून खाली बसला आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं. बायको मला स्वयंपाकघरात दिसत होती. ती भांडी घासत होती आणि घासलेलीच पुन्हा घासत होती.

“तुमचं म्हणणं बरोबर असेल हो,” ती पाठमोरी म्हणाली. “पण बरोबर असून तुम्हाला काय मिळणार, आणि चूक असून त्याला काय मिळालं असतं, एवढं एकदा बघा.”

मी आतल्या खोलीत सासूबाईंपाशी जाऊन बसलो. त्यांना सगळं सांगितलं. गहाळ शब्द, लाल पेन्सिल, शिस्त.

“म्हणजे ओळ भरत नाही, एवढंच ना?” त्या म्हणाल्या.

“ओळ भरलेलीच आहे हो. त्या माणसाला रिकामी दिसते.”

“दिसू दे की. आम्ही पोरी एकत्र काम करताना गाणी म्हणायचो, त्यात कितीदा ओळ चालीला कमी पडायची. मग कुठे ‘ग बाई’ घालायचं, कुठे ‘माझ्या सख्या’ घालायचं. अर्थ हलत नाही, चाल भरते. आणि खरं सांगू? पुढे तेवढंच लक्षात राहतं.”

मी उठून टेबलाशी गेलो.

पहिला शब्द घालताना मला लाज वाटली. कुइदादो एकटा उभा होता. त्याच्या शेजारी मी आमिगो लिहिला. सांभाळ, मित्रा. दोनाला दोन. वाचून पाहिलं. माझी दोन बोटं पट्टीत ठणकत होती आणि मला वाटलं, त्या सकाळी कुणी मला असं म्हणालं असतं तर! मग हात चालू लागला. खटका सोडा, तिथे ‘कृपा करून’. पलंग ओढा, तिथे ‘हळूच’. चौकट धरून ठेवा, तिथे ‘शांतपणे’. जिथे एक शब्द जास्त होता तिथे क्रियापद बदललं. पानभर फिरलो आणि जिथे जिथे इंग्रजीच्या पोरांच्या जागा मोकळ्या पडल्या होत्या तिथे तिथे एकेक मऊ शब्द बसवला, दाराशी पायपुसणं ठेवावं तसा. शेवटी मोठ्यानं वाचलं. उशा अलगद उचल. हळूच ओढ पलंग. सांभाळ, मित्रा. कारखान्याचं मॅन्युअल राहिलं नव्हतं ते. कुणीतरी कुणाला तरी झोपवत होतं.

“आता कळलं नाही तरी बरं वाटतं,” सासूबाई म्हणाल्या.

तपासनिसांनी ओळ न्‌ ओळ मोजली. मेहुण्यानं माझी बाही धरली होती. ओळीला ओळ भरत गेली. शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवून ते मागे रेलले.

“बघा,” ते म्हणाले. “होते की नाही शब्द? पहिल्या खेपेला आळस केलात.”

मी गिळलं. गिळताना मेहुण्याकडे पाहिलं, म्हणून गिळता आलं. सही झाली, माल जहाजावर चढला, पर्मनंटचं पत्र आलं. साखरपुड्यात पोरीच्या वडिलांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हणालो, शब्द भरतो.

तिकडून पार्टीचा निरोप आला, की असं आदबीनं बोलणारं मॅन्युअल गिऱ्हाइकांना फार आवडलं. तपासनिसांची बढती होऊन ते वरच्या मजल्यावर गेले. त्यांच्या खुर्चीत कोण बसलं ते सांगायला नको. लग्नानंतर मेहुणा पहिल्यांदा घरी आला तो कारखान्याच्या घडीच्या शिडीचं मॅन्युअल घेऊन. मी ते आनंदानं केलं. हात आता सरावला होता. मेहुणा हॉलमध्ये बसला, त्यानं खिशातून लाल पेन्सिल काढली, डावा हात इंग्रजीवर ठेवला, उजवा माझ्या ओळीवर.

“भाऊजी, रागावू नका,” तो हळू आवाजात म्हणाला. “इथे एक शब्द जास्त होतोय. हा आमिगो. काढावा लागेल.”

“काढणार नाही.”

“भाऊजी, शिस्त आहे.”

“अरे, याच शब्दानं तुझं लग्न झालं!”

“ते खरं आहे. पण वर साहेब मोजतात. निदान कारण तरी लिहून द्या.”

मी त्याच्या हातातून कागद ओढला आणि समासात लिहिलं : शिडीवर चढलेल्या माणसाला खालून कुणीतरी हाक मारणारं असावं.

त्यानं ते वाचलं. दोनदा वाचलं. त्याचे डोळे किंचित ओले झाल्यासारखे मला वाटले. मग त्यानं पेन्सिल सरळ केली आणि माझ्या त्या वाक्यातले शब्द मोजायला सुरुवात केली.